सोळा तासांवरचा गेन्फो

हिदार ३
व्हिसा आला — ह्यांचा! माझा नाकारला. कारण एका ओळीत, तेही धड कळलं नाही. सोस्नाच्या बाळंतपणाला आई नाही, बाप जाणार! दुपारभर रडले. मग भांडी घासली.

ह्यांनी उभा जन्म अदिस अबाबा ते जिबूती ट्रक चालवला. सगळं रस्त्यावर मोजतात. फोनवर सोस्नाला विचारलं, "तुझं टोरांटो आहे तरी किती लांब?"
"साडेअकरा हजार किलोमीटर, बाबा. विमानाने सोळा तास."
"म्हणजे ट्रकने तेवीस दिवस. टायर गेला नाही तर."
"आणि मधला समुद्र?" मी म्हटलं.
"तो तू पिऊन टाक!"
रडता रडता हसले.

हिदार ७
बाळंतिणीला गेन्फो, आपली जवाची उकड, कोण रांधणार? जावई यारेद चहासुद्धा करपवतो. ह्यांना म्हटलं, "तुम्ही."
"मी? चुलीपाशी? शेजारची अस्तेर काय म्हणेल?"
"अस्तेरला टोरांटो दिसत नाही इथून."

हिदार ९
पहिला गेन्फो. गाठीच गाठी! "खडी टाकल्यासारखा झालाय," हे स्वतःच म्हणाले. नेमकी अस्तेर दारात — "देमिसे दादा, गिअर बदला, गिअर!" हे चिडले. पण हातातला पीठ घोटायचा दांडा सोडला नाही.

हिदार १३
जमला! जवाचं पीठ मऊसूत, मधोमध आळं, आळ्यात मसाल्याचं तूप आणि तिखट. परवापासून नाताळाआधीचे उपवास, मग तूप बंद. दोघांनी चाटूनपुसून खाल्लं.

हिदार २६
हे गेले. बॅगेत कपडे कमी, जवाचं पीठ जास्त. विमानतळावर शेवटपर्यंत विनोद — "विमानाला ब्रेक कुठे असतो गं?" हात मात्र गारठलेले. पहिल्यांदाच उडणार होते. मीही हात सोडवून घेतला नाही.

उड्डाणाला चार तास झाले नाहीत तोच यारेदचा फोन. सोस्नाला कळा! तीन आठवडे आधीच! "बाबा कुठवर आले असतील?" विचारत होता. अजून बारा तास. मुलगी तिकडे, मी इकडे, आणि हे अधांतरी. मरियमसमोर मेणबत्ती लावली. बसून राहिले.

हिदार २७
मुलगी! दोघी सुखरूप! हे उतरायच्या तीन तास आधी आली. हे विमानतळावरून थेट यारेदच्या स्वयंपाकघरात — कोटसुद्धा काढला नाही म्हणे. इस्पितळातून सोस्ना बोलली, तोंडात घास होता.
"आई, एक गाठ नाही गं!"
मागून हे: "एक होती. मी खाल्ली."
अंगणात जाऊन एकटीनेच 'इलिलिलि' असा आनंदाचा गजर केला. अस्तेर धावत आली, तिनेही सूर मिसळला. मग गल्लीतल्या सगळ्याजणी!

ताहसास २
एकटीची कॉफी. रिवाजाच्या तिन्ही फेऱ्या मीच प्याले. वाईट नाही.

ताहसास १४
सोस्नाचा फोन. "आई, वर्षभराची रजा आहे मला. रीतीप्रमाणे ऐंशी दिवसांची झाली की हिचा बाप्तिस्मा करून नाव आपल्याच चर्चमध्ये ठेवायचं. बाबांबरोबर येते. वर्षभर राहते." तिकिटं काढलीसुद्धा!
पाठवला एक. येताहेत तिघं.