सहावीच्या यादीतला एक शब्द

बाई, गेला महिनाभर मी पुन्हा तुमच्या शाळेचं काम करते आहे, म्हणून लिहिते. शाळा तीच, गुजरातेतली पण मराठी माध्यमाची. आता तिथं कॉम्प्युटरची खोली आहे, आणि कोणत्या इयत्तेच्या मुलाला मोबाईल-कॉम्प्युटरमधलं काय काय यायला हवं, याची एक पुस्तिका आली आहे. ती आली गुजरातीत. नातीच्या वर्गाच्या मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं अक्षर चांगलं, दोन्ही भाषा येतात. आपल्या मुलांसाठी मराठीत उतरवून द्याल? वरून मराठीत यायची वाट बघत बसलो तर ही मुलं दहावी होऊन जातील." मी स्वतः दहावीपर्यंतच शिकलेली, पण हो म्हटलं. देवपूजा आटोपली की ओट्याशेजारी पाट टाकून बसते आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते. तिसरीच्या मुलाला यंत्र नीट चालू-बंद करता यावं. चौथीच्या मुलानं पासवर्ड मित्रालाही सांगू नये. पाचवीच्या मुलाला आपल्या भाषेत टाइप करता यावं. सहावीच्या मुलानं आलेली माहिती साची, म्हणजे खरी, आहे की खोटी, ते तपासावं. तिथं, त्या 'खोटी'पाशी, माझा हात थांबला.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. लहानपणीची मी वही घेऊन तुमच्या टेबलापाशी उभी आहे, शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालला आहे, आणि त्या आवाजावर चढून बोलायची तुम्हाला सवय. मी म्हणते, "बाई, माझं गणित खोटं आलं." गल्लीतल्या गुजराती मुली म्हणायच्या, "मारो दाखलो खोटो पड्यो", तेच मी मराठीत म्हटलं. तुम्ही चष्मा वर केलात. "गणित कशाला खोटं येईल गं? त्याला काय पडलंय खोटं बोलायचं? गणित चुकतं. खोटं माणूस बोलतो." सगळा वर्ग हसला. आमच्या घरात अहिराणी, बाहेर गुजराती, मराठी तेवढी तुमच्या वर्गात. शब्द इकडचे तिकडे व्हायचेच. पण तुम्ही मला जागेवर बसू दिलं नाहीत. "नीट म्हण, मग जा," म्हणालात. मी नीट म्हटलं आणि गेले.

पुस्तिकेत सगळीकडे तो एकच शब्द, खोटुं; गुजरातीत चुकलेल्यालाही तोच आणि खोट्यालाही तोच. मराठीत लिहिताना दर वेळी ठरवावं लागतं, की चुकीचं लिहू की खोटं. शेवटी मी सहावीच्या पानावर दोन रकाने पाडले. चुकीची माहिती, म्हणजे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं. खोटी माहिती, म्हणजे ठाऊक असून पाठवतो. मॅडमना फार आवडलं. "काकू, हे तर मूळ पुस्तकातही नाही! आता प्रत्येकात एकेक उदाहरण टाका. पण आपल्या गोडादऱ्यातलं, इथल्या वस्तीतलं हं. पुस्तकातली उदाहरणं मुलांना परक्या घरची वाटतात."

उदाहरण माझ्याकडे होतं. आमच्या भजनी मंडळाचा मोबाईलवर ग्रुप आहे. मागच्या चातुर्मासात मी त्यावर एक मेसेज टाकला. वर देवाचा फोटो, खाली काढ्याची कृती: एकवीस दिवस घ्या, बीपीची गोळी सुटेल. समोरच्या घरातली माझी मैत्रीण भजनाला माझ्या शेजारीच बसून टाळ वाजवायची. तिनं काढा सुरू केला आणि गोळी बंद केली. पंधरा-सोळा दिवसांनी भाकरी थापताना तिचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात परातीत पडला तो पडलाच. दवाखान्यातून ती घरी आली. हात आला नाही. मी भेटायला गेले तेव्हा तीच मला म्हणाली, "तुनी काय चूक व बहीन? देवना फोटू व्हता." मीही म्हटलं, मला काय ठाऊक. सगळ्यांना मी तेच सांगितलं.

तर पहिल्या रकान्यात मी लिहिलं: एका आजीनं नकळत एक मेसेज पुढे पाठवला. लिहिलेलं सुनेला तपासायला दिलं, ती बँकेत आहे, शुद्धलेखन चांगलं आहे. चातुर्मासात तो मेसेज पाठवायच्या आधी मी तिलाच दाखवला होता. ती डबा भरता भरता म्हणाली होती, "आई, हे असलं काही नसतं. कोणी गोळ्या बंद करेल. नका पाठवू." मी पाठवला. मंडळातल्या दुसऱ्या एकीच्या मेसेजला रोज पंचवीस-तीस नमस्कार यायचे, माझ्याला चार. त्या दिवशी मलाही बरेच आले. सुनेनं आता सगळं पान शांतपणे वाचलं, 'माहिती'ची वेलांटी दुरुस्त केली आणि पान माझ्यापुढे ठेवलं. "छान झालंय, आई," म्हणाली आणि कामाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते उदाहरण खोडून दुसऱ्या रकान्यात लिहिलं. एका बाईला घरच्यांनी सांगितलं होतं, तरी तिनं पाठवला. मॅडमनी विचारलं, "काकू, खरंच घडलंय का हे? कोण बाई?" मी म्हटलं, "आहे एक आमच्या गल्लीत." त्यांनी झेरॉक्स काढून वर्गात वाटल्यासुद्धा.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, ते मला कळत नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं असतं असं नाही. मी रोज दुपारी समोर जाऊन मैत्रिणीची वेणी घालून देते, तिला एका हातानं जमत नाही. काल ती म्हणाली, "पोरांसाठी काय लिहिलंस ते वाच की मला, आपण दोघी शिकू." पानं पिशवीतच होती. मी तिसरीचं वाचलं, चौथीचं वाचलं, पाचवीचं वाचलं. सहावीचं अजून लिहायचंय म्हणून सांगितलं.