चोत्तो म्हणजे थोडं

४ नोव्हें.
मेथी उपटून झाली. प्रीतीचा जपानहून फोन. तिथल्या वृद्धाश्रमात नोकरीला दोन वर्षं झाली तिला. धामणगाव बढ्याच्या स्थळाचं विचारलं. मुलगा बँकेत, घरी ओलिताची शेती, फोटो तिला कालच पाठवलाय. तर म्हणते, "बाबा, चोत्तो..." आणि हसली. पुढं रेंज गेली की तीच थांबली, कळलं नाही.

५ नोव्हें.
मोबाइलवर पाहिलं. चोत्तो म्हणजे थोडं. म्हणजे मुलगा थोडा आवडला. पोरी याहून जास्त कुठं बोलतात? बायको म्हणाली, घाई करू नका. पण आम्ही कुणाचं ऐकतो? मध्यस्थ मेहुणाच आहे, त्याला कळवून टाकलं, पोरगी राजी.

८ नोव्हें.
शब्दाचा नादच लागला. कुठं कुठं वापरतात, प्रीतीला विचारलं. कुणाला हाक मारायची, चोत्तो. थांबवायचं, चोत्तो. भात कमी वाढा, तरी चोत्तो. आपल्या 'जरा'चा सख्खा भाऊ. जरा ऐका, जरा थांबा, जरा सरका. नांदुऱ्याच्या बाजारात आज गिऱ्हाइकांना मनातल्या मनात चोत्तो म्हणत होतो. मजा वाटली.

११ नोव्हें.
प्रीतीकडं एक म्हातारी आहे. अंघोळीला चला म्हटलं की म्हणते, "क्यो वा चोत्तो..." म्हणजे, आज जरा... मी विचारलं, आज जरा काय?
"काईच नाई बाबा. वाक्य अर्धं सोडलं का नाही समजाचं. तोंडावर नाई म्हनत नाईत इकडे."
मग तू त्या दिवशी... म्हटलं. तर मेथीचं विचारायला लागली.
भाव विचारून "येतो फिरून" म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला इतकी वर्षं कळतं. पोटच्या पोरीचं कळलं नाही. लाज वाटते.

१२ नोव्हें.
रविवारी पाहुणे बोलणीला येणार म्हणून मेहुण्याचा निरोप. काय सांगू?
बायकोला सगळं सांगितलं. वर म्हटलं, असं अर्धवट बोलल्यावर कुणाला कसं कळावं? ती वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी पाहून गेले तवा मी बी बाबाजवळ 'मले जरा...' इतकंच बोलली होती. बाबा म्हने, पोरगी लाजली."
जेवण गेलं नाही.

१३ नोव्हें.
मेहुण्याला सांगितलं, पोरगी नाही म्हणते, ऐकण्यात चूक माझी. खूप बोलला. ऐकून घेतलं. प्रीतीला कळवलं, तर रडली.
मग धीर करून बायकोला विचारलं, तुझ्या त्या 'जरा'च्या पुढं काय होतं?
"आता काय करता इचारून?" म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.
उद्या पुन्हा विचारीन.