रिसॉर्टचे दिवे आणि माझा ओटा

चि. उखा,

बहिणीचा आशीर्वाद घे आणि त्यातला थोडा तुझ्या बायकोला, अनुसयालाही दे. तुझा गुडघा कसा आहे? (दुखत असला तर कळवू नको, तेल लावायला मी काही पारोळ्याला येत नाही.) इकडे नवागामात सगळे खाऊनपिऊन बरे आहेत. बरा नाही तो माझा ओटा, म्हणून कागद घेतला. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेवढं सांभाळून वाच.

घराला रंग दिला तशी तुझ्या भाच्याला बाहेर दिवे लावायची हौस आली. ओट्यावर चांगली पांढरी ट्यूबलाइट होती, पण गजेंद्र म्हणे, दवाखान्यासारखं दिसतं. (दवाखान्यातच जन्मला, तेव्हा काही बोलला नाही.) रविवारी मला आणि वर्षाला दुकानात नेलं. तुझी भाचेसून लिंबायतमध्ये, साड्यांच्या बाजाराशेजारी वाढलेली, तिला खरेदी म्हणजे साडीची. तिनं आधी बसायला गादी शोधली. मग एकेक दिवा हातात घेऊन काच चोळून बघितली, दोन दिवे शेजारी धरून मॅचिंग केलं, आणि यात राणी कलर येतो का विचारलं. मी दुकानदाराला म्हटलं, बाबा, ओट्यावर बसलेलं माणूस दिसेल असा दे. तर तो गुजराती मला म्हणतो, "बा, आ तो रिसॉर्ट लुक छे." झालं, गजेंद्र तिथंच विरघळला. मी म्हटलं, आपल्याला खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत का? माझं कोण ऐकतं.

आता फाटकाच्या खांबांवर दोन गोळे आहेत आणि भिंतीवर तीन नळकांडी. नळकांडी वर उजेड टाकतात, खाली टाकतात, मधे माणूस बसतं तिथं टाकत नाहीत. वर वाळत घातलेली माझी गोधडी मात्र सगळ्या गल्लीला दिसते, भोकांसकट. आणि उजेड कसा, तर सगळा पिवळा. कावीळ झालेलं माणूस यात बसवलं तर कुणाला कळायचं नाही.

तुला माहीत आहे, संध्याकाळी गल्लीतल्या बाया माझ्या ओट्यावर साड्यांना खडे चिकटवायला बसायच्या. काम बाजारातलं, पण बसायच्या माझ्यापाशी. कुणाची सून रुसली, कुणाचा नवरा कारखान्यातून काढला, हे आधी माझ्या ओट्यावर कळायचं, मग त्यांच्या घरी. तर दिवे लागले त्या दिवशी फुलाला पांढरा खडा आणि पानाला बदामी, असं काम होतं. त्यांच्यातली स्वाती म्हणाली, "आजी, माले तर सगळं हळदीचं दिसी राहिनं." मी म्हटलं, डोळे राहू दे, हात चालव. सकाळी उन्हात साड्या उघडल्या तर फुलं बदामी, पानं पांढरी, आणि काही ठिकाणी दोन्ही. माल देणाऱ्यानं सगळा गठ्ठा परत टाकला. बाया खडे उचकटत बसल्या, नखं तुटली, आणि शिव्या मिळाल्या माझ्या दिव्यांना.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या समोर पार्वतीच्या ओट्यावर. तिची ट्यूबलाइट साधी आहे, पांढरी. त्या हसतात ते मला इथवर ऐकू येतं, कशाला हसतात ते येत नाही. मी रिसॉर्टात एकटी. सोबत कुत्रं असतं, तेही पार्वतीकडची भाकरी खाऊन येतं. गजेंद्रला सांगितलं तर म्हणतो, "माय, लोके थांबीसन फोटू काढतस." मी म्हटलं, "काढतस, पण बठतस का?" त्यावर तो जेवायला गेला.

बाकी ठीक. लोणचं आलं, तेल कमी आहे.

तुझी बहीण,
धुरपदा

ता.क. — तू मामा आहेस, मामाला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. फोन करून सांग की दिवे तुला फार आवडले, तुझ्या घराला पाहिजेत, पाचही. पाठवले की खळ्यात लाव, बैलांना रंगाचं काही नसतं.

ता.क. दुसरं — फोन आजच कर. काल पार्वती विचारत होती की दिवे कुठून घेतले, तिच्या पोराला, लोटूला फार आवडलेत. मी दुकानाचा पत्ता दिला आणि डोळ्यांना फार गार वाटतं असंही सांगितलं. लोटू रविवारी जाणार आहे. त्यांचे लागतील त्याच दिवशी आमची ट्यूबलाइट परत चढली पाहिजे.