टाचेखालचं झाकण

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू बरा असशील. आईचा खोकला कमी आहे. बाबा म्हणतात, "शाळा सोडून गोल्फबिल्फ खेळते, काठी फिरवायचीच तर निदान गालिचे तरी झटक." त्यांचं चालूच असतं.

संघाच्या निवड चाचणीत कुठल्या पद्धतीनं मारणार, असं तू विचारलं होतंस. फोनवर मला बोलता येत नाही, माहितेय ना तुला. म्हणून लिहितेय.

तुझ्या पद्धतीत कंबर घट्ट धरायची आणि नुसते खांदे पिळायचे. चेंडू लांब जातो, माझ्यासारख्या ठेंगूचासुद्धा. पण सगळा पीळ पाठीत बसतो. इथले सर म्हणतात, "टाच उचल, कंबर वळू दे गं, धुणं पिळतेस का?" तसं मारलं की पाठ गप्प असते. पण चेंडू जवळच पडतो, कधी भलतीकडेच. आणि जवळ मारणाऱ्यांना चाचणीत कोण विचारतंय?

तरी करून बघितलं. टाच उचललीच जात नाही. तू माझ्या डाव्या टाचेखाली सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण ठेवायचास ना, "झाकण हललं की तू हरलीस" म्हणून? मी अजून ठेवते. गच्चीवर जाळी बांधलीय, तिथे अनवाणी मारते.

परवा आई लादी पुसताना म्हणाली, "हे लाल काय गं?"

झाकण माझ्याकडून उताणं ठेवलं गेलं होतं. दातेरी कड टाचेत रुतलेली. तशीच उभी राहून मी बादलीभर चेंडू मारले होते.

दुखलंच नाही, दादा.

पायाला मुंग्या आधीपासून यायच्या. चाचणी झाली की सांगू, म्हटलं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो बघितला, म्हणाले, पायाची नस पाठीत दबलीय. मी विचारलं, मग कुठल्या पद्धतीनं मारू? ते म्हणाले, "बाळा, आता कुठल्याच नाही." पाय परत पहिल्यासारखा होईल का, ते त्यांनी आईला बाहेर नेऊन सांगितलं. आल्यापासून आई माझ्याशी फारच गोड बोलते.

तू रजा काढू नकोस. काठी पुसून कपाटामागे ठेवलीय.

तू तिकडे पोरींना शिकवतोस, त्यांना झाकण देऊ नकोस. दिलंसच तर रोज विचार, टोचतंय का म्हणून. माझ्यासारखी एखादी असेल, ती आपणहून नाही सांगायची.

तुझ्यावर राग नाही. झाकण एकदाही हललं नव्हतं, एवढंच तुला कळावं.

तुझी, न हरलेली,
ठेंगू