चार वर्षांत एकही शिट्टी नाही

मंगळ., ४ नोव्हें.
अकोल्याच्या मास्तरीणबाई गाडी घेऊन परत आल्या. मागच्या आठवड्यातच ॲम्प आणि चार स्पीकर बसवून दिले होते. तक्रार काय, तर इंजिन सुरू असलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, आणि रेस दिली की चढत जाते. मी बसून ऐकलं. काही नाही. तरी ॲम्पच्या अर्थिंगचा बोल्ट काढला, खालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, परत कसला. बहुतेक शिट्ट्या तिथंच मरतात.
बाईंना छातीठोकपणे सांगितलं, चार वर्षांत माझ्या एकाही गाडीत शिट्टी राहिलेली नाही. अख्ख्या अमरावतीत दुसऱ्या कुणी असं म्हणून दाखवावं.

शनि., ८ नोव्हें.
बाई पुन्हा हजर. रिटायर झाल्या, पण दोन तास गाडी स्वतः हाकत येतात, मानलं पाहिजे. फरक पडला म्हणतात, पण शिट्टी आहेच.
"भाऊ, मले येवढं ऐकू येऊन राहिलं, तुमाले कावून नाई येत?"
म्हटलं, बाई, सिस्टिम नवी आहे, तुमचं लक्षच तिकडं लागलंय. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारे कान, दुसरं काय. नॉइज फिल्टर टाकून दिला. आता विषय संपला.
जेवताना सुनीताला सांगितलं. बायको माझी, पण बाजू बाईंची. म्हणे, "घरात टीव्हीचा आवाज कोण वाढवते रोज?" टीव्हीचा इथं काय संबंध.

मंगळ., ११ नोव्हें.
नको तो दिवस.
बाई तिसऱ्यांदा आल्या. सुनीता डबा घेऊन दुकानात आलेली. बाईंनी दोघांनाही मागच्या सीटवर बसवलं. "डोळे मिटा. शिट्टी आली का बोट वर करा. बोलाचं नाई."
मिटले. रेस दिली, सोडली, परत दिली. मी एकदाही बोट वर केलं नाही, कारण काही नव्हतंच. डोळे उघडले तर शेजारी सुनीताचं बोट वर. डोळे मिटलेलेच.
मी म्हटलं, ती इंजिनचा आवाज ऐकतेय. बाईंनी सिस्टिम बंद केली आणि तेवढीच रेस दिली. सुनीताचं बोट खाली. सिस्टिम चालू केली. बोट वर.
पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.
राग आला. आधी बाईंचा, मग सुनीताचा. मग राग काढायला कुणी उरलं नाही.
बाई चावी काउंटरवर ठेवून एसटीनं गेल्या. "सावकाश पाहा, घाई नाई."

बुध., १२ नोव्हें.
दुपारपर्यंत शटर उघडलं नाही. बावीस वर्षं डिकीत डोकं घालून फुल आवाजात स्पीकर तपासले. कान कुठून राहतील.
पण हात शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत. गाणं बंद करून स्पीकरच्या तारांना मीटर लावला. सुनीता रेस द्यायला बसली. रेसबरोबर आकडा चढला. मला जे ऐकू येत नाही ते दिसलं तरी.
मग तासाभरात सापडलं. बॅटरीकडून येणारी पॉवरची वायर आणि म्युझिकची वायर, दोन्ही एकाच बाजूनं, कार्पेटखालून चिकटून नेलेल्या. माझंच काम. पॉवर एका बाजूनं, म्युझिक दुसऱ्या बाजूनं, हा अकोल्याच्या उस्तादांचा पहिला धडा. विसरलो नव्हतो. चार वर्षांपूर्वी एकदा घाईत दोन्ही एकाच बाजूनं टाकल्या, ऐकून पाहिलं, शिट्टी नव्हती. वाटलं, उस्ताद उगाच घाबरवत होते. तेव्हापासून एकाच बाजूचं कार्पेट उचलतो.
चार वर्षांत एकही शिट्टी नाही ती अशी.
म्युझिकची वायर दुसऱ्या बाजूला घेतली. आकडा हलेना. सुनीता म्हणाली, "आता नाई येत." तिच्या शब्दावर गाडी बंद केली.

शुक्र., १४ नोव्हें.
गाडी स्वतः अकोल्याला नेऊन दिली. बाईंनी गल्लीत दोन चकरा मारल्या, उतरल्या, म्हणाल्या, "पास." मग चहा ठेवताना, "अन कान दाखवले काय?"
दाखवतो म्हटलं.
येताना एसटीत भीती वाटली, लिहूनच टाकतो. हे बाहेर कळलं तर माझ्याकडे कोण येईल? आणि नाही सांगितलं तर इतक्या गाड्या माझी शिट्टी घेऊन फिरत राहतील.

शनि., १५ नोव्हें.
गिऱ्हाइकांची वही काढली. चार वर्षांमागच्या पानावर पहिलं नाव वरूडचे संत्रावाले पुरुषोत्तमभाऊ. फोन लावला. सिस्टिम कशी आहे? "एकदम मस्त." रेस दिली की शिट्टी येते का?
"थे येते ना. पयल्या दिवसापासून. तुमी सोता ऐकून ओके म्हटलं, मले वाटलं असतेच थे."
म्हटलं, नसते. माझी चूक आहे, सोमवारी घेऊन या. सोमवारी सुनीता दुकानात बसणार. वायर मी ओढणार, ऐकणार ती. हे जमेल, खात्री आहे. कानाच्या डॉक्टरांचा नंबरही घेतला, अजून लावला नाही.
वहीत दुसरं नाव उस्तादांचं. त्यांची गाडी हौसेनं मीच केली होती. ते आत बसले, स्वतः रेस दिली, ऐकलं, आणि पाठीवर हात ठेवून छान म्हणाले होते.
त्यांनाही ऐकू आली नसेल, का ऐकूनही ते बोलले नाहीत?
हे फोनवर विचारायचं नाही. उद्या रविवार, अकोल्याला जातो.