आपल्या बाजूचा शाहबंदर

कोलोन, रविवार

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला, तो थंडीमुळे. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या म्युझियममधलं मलाक्काचं प्रदर्शन गुरुवारी उघडलं. पाचशे वर्षांपूर्वी ते मलय बंदर एवढं श्रीमंत कशानं झालं, ते तुला सांगितलं होतं ना? गुजराती, जावाचे, चिनी अशा परक्या व्यापाऱ्यांसाठी तिथे वेगवेगळे अधिकारी असत, शाहबंदर. जहाज लागलं की आपली बाजू घेणारा माणूस धक्क्यावर हजर. मग लोक निर्धास्त माल उतरवत.

प्रदर्शन याच गोष्टीवर उभं करायचं, हे मी आधी विभावरीलाच सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, पोहे खाता खाता. ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. आपल्या माणसापाशी कसली लपवाछपवी?

उद्घाटनाला तिनं ते सगळं स्वतःची कल्पना म्हणून मांडलं. उदाहरणंसुद्धा माझीच! बॉस मान डोलवत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही मेले हात आपोआप उठले.

नंतर तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "विभा, असं का केलंस गं?"

आई, इतकी वर्षं माझ्याशी मराठीत बोलणारी ती, चक्क जर्मनमध्ये म्हणाली, "हा विषय मीटिंगमध्ये घेऊ."

तिच्यासाठी पाठवलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी मीच उघडली. छान मुरलंय. पुढच्या वेळी एकच पाठव.

तुझीच,
मैथिली