पाळण्याचा वासा

॥ श्री ॥
मु. जांभळीपाडा, काठीजवळ
६ जानेवारी १९५९

तीर्थरूप दादांच्या चरणी पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र बाजाराच्या दिवशी मिळाले. हिंमतराव पाटलांनी शब्द टाकून आपल्या कळसाडीच्या शाळेतली मास्तरची जागा माझ्यासाठी वैशाखातल्या आखाजीच्या सणापर्यंत मोकळी ठेवून घेतली, हे वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. सुगंधा आणि बाळ बाळंतपणातच गेले, त्याला तीन वर्षे झाली. त्या घरात मला पुन्हा राहवेल का, हे माझे मलाच कळत नाही.

इथली शाळा आंब्याखाली भरते. पाडा एका जागी राहत नाही, म्हणून बोर्ड इमारत देत नाही. रोगराई आली की लोक घर उतरवतात, लाकडे खांद्यावर घेतात आणि तेच घर दुसऱ्या टेकडीवर उभे करतात. मग शाळाच तशी का नसावी? बारा चौकटी, सगळ्या एका मापाच्या. खिळा एकही नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. प्रत्येक घराने बांबूचा एक कूड विणायचा आणि चौकटीत बसवायचा. एखादा वाळवीने खाल्ला तर तेवढाच बदलायचा. चौकटी तुम्ही कराल का? मला रंधा धरता येईना म्हणून मी मास्तर झालो, हे तुम्ही गावभर सांगताच.

संध्याकाळी मुले गेली की बोलायला कोणी नसते. मग मी उद्याचे पाढे मोठ्याने म्हणतो.

तुमच्या लोभात असलेला,
पितांबर


मु. कळसाडी, ता. शहादा
२५ जानेवारी १९५९

चि. पितांबर यास दगा सुताराचे उदंड आशीर्वाद.

कानावरच्या शिसपेन्सिलीनंच लिहितो, अक्षराला हसू नकोस. चौकटी करतो. मोडक्या गाड्यांचं बाभळीचं लाकूड मागून आणलंय. हात रिकामे राहिले की घर अंगावर येतं, त्यापेक्षा हे बरं.

शेजारची जसोदाबाई भाकरी आणून देते आणि रोज विचारते, दगाभाऊ, तुन्हा आंडोर तठेच ऱ्हावाव शे का. मी सांगतो, पोरगा तिथंच राहणार नाही, आखाजीला येईल. तिनं तुझ्यासाठी एक स्थळही बघून ठेवलंय.

माजघरातल्या पाळण्याच्या वाशाला दिवाळीत तेल दिलं. कड्या गंजू द्यायच्या नाहीत, असं तुझ्या आईनं बजावलं होतं. त्या वाशाला मी झोपलो, तू झोपलास. तुझ्या बाळासाठी पाळणा केला, तो तसाच राहिला. पुढचं तू जाण.

एक सांग. तू इकडे आलास तर तिथं कोण शिकवणार?

म्हाताऱ्याची आठवण ठेवणे.
दगा


जांभळीपाडा, १८ फेब्रुवारी १९५९

ती. दादांस सा. न. वि. वि.

फजिती ऐका. चौकटीसाठी कूड चार हात रुंद हवा, असे मी सर्वांना सांगितले. पाड्यातल्या सुरुपसिंगने स्वतःच्या लांब हाताने मोजले. आमश्याकडे त्याच्या म्हाताऱ्या आईने, हिरीबाईने, आपल्या हाताने मोजले. बारा कुडांची बारा मापे! हिरीबाई म्हणाली, हात आमचे देवाने केलेत, चूक असेल तर मास्तरच्या मापात असेल. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. फार दिवसांनी.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला जड जाते. माझ्या जागी यायला कोणी तयार नाही. मी गेलो की शाळा बंद, असे कचेरीतून कळले.

आपला,
पितांबर


कळसाडी, ४ मार्च १९५९

चि. पितांबर यास आशीर्वाद.

सुताराचा पोरगा आणि हातानं मापं! हिरीबाईचंच बरोबर. सोबत माझा मोजायचा गज पाठवतोय, सगळ्या कुडांना तोच लाव. चाळीस वर्षं माझ्या काखेत होता, पण आता तुझ्याकडंच राहू दे.

अकरा चौकटी झाल्या. बाराव्या चौकटीच्या माथ्याला लाकूड पुरत नाही, बघतो कुठं मिळतं का.

जिवाला जप.
दगा


जांभळीपाडा, ३० मार्च १९५९

ती. दादांस सा. न. वि. वि.

होळीला सारा पाडा काठी गावाला गेला. मलाही बोलावले होते, पण ताप होता. पाच दिवस इथे मी आणि कोंबड्या. पाणी द्यायलाही कोणी नव्हते. दादा, मला राहवत नाही. कळसाडीच्या जागेसाठी होकाराच्या कागदावर सही करून सोबत पाठवतो, तो हिंमतरावांना द्या. शाळा उभी करतो आणि येतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमश्याची मुलगी रमी, आठ वर्षांची, कडेवर भावाला घेऊन आंब्यापासून लांब उभी राहते. तो रडला की वर्ग मोडतो, म्हणून जवळ येत नाही. तिथूनच तिने तेरापर्यंत पाढे पाठ केलेत. पाटीला तिचा हात एकदाही लागलेला नाही.

तुमचाच,
पितांबर


जांभळीपाडा, ३ मे १९५९

ती. दादांस सा. न. वि. वि.

उदेसिंग गाडीवानाच्या गाडीतून चौकटी पायथ्याशी पोचल्या, तिथून खांद्यावरून वर आल्या. दोन दिवसांत शाळा उभी! तुमच्या गजाने मोजलेले कूड कुठल्याही चौकटीत चपखल बसतात.

बाराव्या चौकटीला हात लावला आणि ओळख पटली. माथ्याला जुना साग, त्याला दोन कड्या, तेल दिलेल्या. दोन्ही टोके कापून तुम्ही माजघरातला वासा इथे पाठवलात. दादा, का?

ते हिरीबाईला सांगावे लागले नाही. तिने कड्या पाहिल्या, लुगड्याची झोळी बांधली आणि नातवाला आत टाकले. रमी पहिल्यांदाच शाळेत बसली, एका हातात झोळीची दोरी आणि दुसऱ्या हातात पाटी. मी फळ्यावर चौदाचा पाढा लिहिला.

आखाजी आठवड्यावर आली. माझा कागद दिलात ना? काही लिहीत का नाही?

वाट पाहणारा,
पितांबर


कळसाडी, १४ मे १९५९

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मी दिला नाही. आला तसाच देव्हाऱ्यामागे ठेवला. चार दिवस काढ-घाल केली, खोटं कशाला सांगू. घरात कोणी नसलं की माणूस लबाड होतो. एकदा तर हिंमतरावांच्या दारापर्यंत गेलो होतो. पण डोळ्यांपुढं ती लांब उभी राहिलेली पोर येई. मग परत आलो आणि वासा उतरवला. आखाजी झाली, जागा दुसऱ्याला गेली. रागव हवं तर. आजारी पडलास तर मात्र कळवत जा, अंगावर काढू नकोस.

वाशाच्या जागी भिंतीत दोन खोबण्या राहिल्यात. जसोदाबाई म्हणते, बुजवा. एकीत चिमणीनं काड्या आणल्यात, म्हणून राहू दिल्या. दुपारी तिकडंच बघत बसतो.

सुट्टीत येऊन जा. माझ्या गुडघ्यांना तुझा डोंगर चढवणार नाही. पण पुढल्या पत्रात एक न विसरता कळव. त्या झोळीतल्या पोराचं नाव काय? आपल्या वाशाला निजतो, आणि आजाला नाव ठाऊक नाही, हे बरं दिसत नाही.

तुझा,
दादा